आवाज आपला, मग चावी दुसऱ्याच्या हाती का?

"कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" असं विचारणाऱ्या नवख्या पोराला हल्ली एकच उत्तर मिळतं: एफएल स्टुडिओ घे, पैसे नसतील तर क्रॅक टाक. या सल्ल्याला आमचा ठाम विरोध आहे.

आधी आपलं गाणं काय आहे ते पाहा. आंबेडकरी जलशापासून आजच्या भीमगीतापर्यंत ते गळ्यावर, ढोलकीवर, हलगीवर उभं आहे. एफएल स्टुडिओची सर्वांत स्वस्त आवृत्ती मात्र माइकवरचा आवाज रेकॉर्डच करू देत नाही. त्यासाठी वरची, महाग आवृत्ती लागते. ज्याचं हत्यारच आवाज आहे, त्याने पहिले पैसे तिथे का घालावेत?

रीपर 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा. ते साध्या लॅपटॉपवर चालतं. नुसते बीट करायचे तर एलएमएमएस मोफत आहे. हातात फक्त मोबाइल असेल तर बँडलॅब आहे.

"लुटणाऱ्यांना आपण लुटलं तर बिघडलं कुठे?" असं क्रॅकवाले म्हणतात. पण ऐन 14 एप्रिलच्या तोंडावर व्हायरसने फाइल खाल्ल्या, तर नुकसान कंपनीचं नाही, आपल्या गाण्याचं होतं. चोरवाटेने आलेलं यंत्र स्वाभिमान देत नाही.

मित्रांनो, वस्तीतल्या विहारात एक लॅपटॉप, एक माइक वर्गणीतून आणा. एकाने शिकावं, दहांना शिकवावं. मूळ रेकॉर्डिंग स्वतःकडेच ठेवा. ते ज्याच्याकडे, गाणं त्याच्या हाती.

जय भीम!