रकाना रिकामा, श्रद्धा नव्हे

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर भाचीचा परीक्षेचा अर्ज भरत होतो. धर्माचा रकाना आला तेव्हा ती म्हणाली, "मामू, तिथं 'कोणताही नाही' लिहा."

मी विचारले, "अल्लाहला मानत नाहीस?"

"मानते. रोज दुवा मागते. पण ती माझी आणि त्याची गोष्ट आहे. त्यासाठी मला जमातीची पावती नको."

स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, "उद्या काही झालं तर जनाजा कोण उचलणार?"

दोघींचेही म्हणणे मला खरे वाटले. म्हणून हे लिहितो आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रश्नावर निकाल दिला. याचिकाकर्त्यांची येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणताही धर्म ते मानत नव्हते. 'आमचा कोणताही धर्म नाही' अशी राजपत्रात नोंद करण्याचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म नसल्याचे सांगण्याचे स्वातंत्र्यही येते आणि सरकार कोणाला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. श्रद्धा आणि धर्माचा शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालातून समोर आले.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. जोतीराव फुले ईश्वराला 'निर्मिक' म्हणत, पण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊ शकतो, आणि तरीही सगळे एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतात. आज आपल्यापैकी किती घरांत हे जमेल?

धर्मात सक्ती नाही हे सांगण्यासाठी आपण सूरह बकराच्या २५६व्या आयतीचा दाखला इतरांना नेहमी देतो. पण घरातलीच मुलगी वेगळे बोलली की लगेच 'तौबा कर' म्हणतो. जो दाखला बाहेरच्यांसाठी आहे, तो घरातही चालला पाहिजे.

अम्मीची भीती मात्र खोटी नाही. निकाह नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याखाली लग्न करणाऱ्या मुसलमानाच्या वारशाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. पण कबरस्तानाचा कारभार बहुतेक ठिकाणी जमात किंवा ट्रस्टच्या हाती असतो. जिवंतपणी मतभेद चालवून घेणारे लोकही मयतीच्या वेळी हिशेब काढतात. या भीतीपोटी कितीतरी जण आयुष्यभर खोटे बोलतात.

दुसरी बाजूही पाहू. भाचीने रकाना रिकामा ठेवला म्हणून भाड्याने घर देणारा तिचे नाव वाचायचे थांबणार नाही. नावावरून होणारा अन्याय तिच्याही वाट्याला येणार आहे. म्हणून तिला 'समाजाला सोडून गेली' म्हणणे चुकीचे आहे. जमातीची शिस्त न मानताही समाजावरच्या अन्यायाविरुद्ध उभे राहता येते. आणि तिच्या निर्णयावर टाळ्या वाजवून इस्लामला नावे ठेवणाऱ्यांनाही सांगायला हवे, की ही मुलगी तुमच्या प्रचाराचे साधन नाही.

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या मनात असेच काही असेल तर व्हॉट्सॲप स्टेटसवर जाहीर करण्याआधी अम्मी-अब्बूंजवळ बसून बोला. त्यांचा राग बहुतेक वेळा काळजीतून येतो. आणि तुमची श्रद्धा पक्की असेल, तर असे बोलणाऱ्या बहिणीचे ऐकून घ्या. तिच्या प्रश्नाने तुमचा ईमान डळमळणार नाही.

मी स्वतः अर्जात आजही 'इस्लाम' लिहितो. त्या रात्री भाचीसाठी 'कोणताही नाही' शोधले, पण यादीत तो पर्यायच नव्हता. शेवटी नाइलाजाने 'इतर' निवडले. न्यायालयाने मान्य केलेला हक्क अर्जात यायला अजून वेळ लागेल, त्यासाठी मागणी करावी लागेल.

अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतेही न्यायालय देणार नाही. ते आपणच द्यायचे आहे. मी तिला म्हटले, "अम्मी, खांदा द्यायला आम्ही आहोत." ती काही बोलली नाही. पण सहरीला तिने भाचीला नेहमीसारखी हाक मारली.