अडसर लावून झोपणारा मासा

मैत्रिणींनो, हट्ट्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; पण सुटीत मुलांना घेऊन मालवणला जाणे आता होतेच. म्हणूनच हट्ट्याच्या एका भगिनीने विचारले आहे, "तिकडून शोकेससाठी पोवळ्याचे पांढरे झाड आणावे का?"

उत्तर देण्याआधी त्या 'झाडात' राहणाऱ्याची ओळख करून देते. पोवळे हे झाड नव्हेच, बरं का! बारीक बारीक जीवांनी बांधलेले ते चुन्याचे घर. कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात.

त्यात राहतो ट्रिगरफिश. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा चाप. रात्र झाली की हा मासा कपारीत शिरतो आणि पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा करतो. दुसरा काटा त्याच्यामागे अडसरासारखा बसतो. मग कितीही ओढा, हा बाहेर येत नाही. मागचा काटा दाबला, की पुढचा आपोआप मिटतो! काही जातींची मादी वाळूत खळगा करून अंडी घालते, त्यांवर तोंडाने पाणी फुंकत बसते आणि पाणबुड्या जवळ आला तर त्यालाही चावायला धावते. आई ती आईच!

आपल्याकडे लाल दातांचा, गर्द निळा ट्रिगरफिश अंग्रिया बँकेवर थव्याथव्याने दिसतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर दूर, समुद्राच्या पोटातले हे पठार आहे. त्याला नाव मिळाले कान्होजी आंग्र्यांचे.

या माशाचे काही भाईबंद काटेरी चेंडूसारखे सी-अर्चिन फोडून खातात. केनियाच्या किनाऱ्यावर मासेमारीने असे मासे कमी झाले, तेव्हा सी-अर्चिन माजले आणि पोवळे कुरतडू लागले. म्हणजे मासा घर राखतो, घर माशाला राखते.

तेव्हा, ताई, ते झाड आणू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. शिवाय २००१ पासून असे खडक बांधणारे पोवळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. अंगठीतले लाल पोवळे निराळे. पाण्यात उतरलात तर पोवळ्यावर पाय देऊ नका, मुलांनाही बजावा. आणि मालवणहून काही आणायचेच, तर कोकम आणा, खाजे आणा. शोकेसपेक्षा डबा भरलेला बरा, नाही का?