समुद्रावरचा आरोग्यरक्षक : नौदलातील मेडिकल असिस्टंट

बारावी सायन्सचा निकाल लागतो. बायॉलॉजी घेतलेल्या मुलाला गुण बरे पडलेले असतात, पण ‘नीट’ची गाडी मेडिकलच्या जागेपर्यंत पोचत नाही. खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून वडील गप्प होतात. शेजारचे काका बी.एस्सी. सुचवतात, मामा फार्मसी सुचवतात, आणि मुलाला मात्र दवाखाना, रुग्ण, औषधोपचार याच जगात राहायचे असते. अशा घरांसाठी आजचा विषय आहे. मग ते घर सांगलीचे असो, इंदूरचे असो वा बडोद्याचे. कारण भारतीय नौदलाची भरती अखिल भारतीय असते.

नौदल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा आणि युद्धनौका येतात. पण शे-दोनशे माणसे महिना-महिना पाण्यावर राहणार, म्हणजे त्यांना ताप येणार, पोटे बिघडणार, भटारखान्यात कुणी भाजणार, इंजिनरूममध्ये कुणाचा हात सापडणार. या सगळ्यांसाठी जहाजावर ‘सिक बे’, म्हणजे छोटासा दवाखाना असतो. तो सांभाळणारा नौसैनिक म्हणजे मेडिकल असिस्टंट. मोठ्या जहाजावर तो डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. लहान जहाजावर डॉक्टर असतोच असे नाही. तिथे पहिली तपासणी, पहिली मलमपट्टी आणि ‘याला किनाऱ्यावर हलवायला हवे’ असा सल्ला कप्तानाला देणे, हे त्यालाच करावे लागते. लांबच्या डॉक्टरांशी बिनतारी यंत्रणेवरून बोलता येते, पण रुग्णाच्या अंगाला हात लावणारा माणूस तोच.

काम केवळ इंजेक्शन-गोळ्यांचे नाही. पिण्याचे पाणी तपासणे, भटारखान्याच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवणे, लसीकरणाच्या नोंदी, औषधांचा साठा, सहकाऱ्यांना प्रथमोपचार शिकवणे, हेही त्यात येते. दोनशे माणसांचे जेवण एकाच भटारखान्यात शिजत असेल, तर एका दिवसाच्या निष्काळजीपणाने सारे जहाज आजारी पडू शकते. म्हणून नुसते उपचार करून भागत नाही, आजार येऊच नये हे पाहणे अधिक मोलाचे.

एक ताजे उदाहरण सांगते. एप्रिल २०२५ मध्ये ‘आयएनएस त्रिकंद’ ही युद्धनौका अरबी समुद्रात असताना ओमानच्या पूर्वेला असलेल्या एका इराणी मच्छीमार नौकेवरून मदतीची हाक आली. नौकेवरच्या एका पाकिस्तानी खलाशाच्या बोटांना गंभीर दुखापत झाली होती. आपल्या नौदलाचे वैद्यकीय पथक त्या खलाशापर्यंत पोचले आणि तीन तासांहून अधिक काळ चाललेल्या शस्त्रक्रियेने त्याची बोटे वाचवण्याचे काम केले. रुग्ण कुठल्या देशाचा, हा प्रश्न तिथे आड आला नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतरही ‘आयएनएस निरूपक’ या सर्वेक्षण नौकेचे रुग्णालय-नौकेत रूपांतर करून ती इंडोनेशियाला पाठवण्यात आली होती. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’वर तर शस्त्रक्रियागृहासह १६ खाटांचे रुग्णालयच आहे.

नौदलाची किनाऱ्यावरची रुग्णालयेही मोठी आहेत, आणि त्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. मुंबईत कुलाब्याला ‘अश्विनी’, विशाखापट्टणमला ‘कल्याणी’, कोचीला ‘संजीवनी’, अंदमानात ‘धन्वंतरी’, गोव्यात ‘जीवंती’, कारवारला ‘पतंजली’ आणि लोणावळ्याला ‘कस्तुरी’. मेडिकल असिस्टंटची नोकरी जहाज आणि किनारा अशी आलटून पालटून चालते. त्यामुळे काही वर्षे पाण्यावर आणि काही वर्षे या रुग्णालयांत जातात.

आता पात्रतेकडे वळू. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी हे विषय हवेत. २०२४ आणि २०२५ च्या जाहिरातींत एकूण किमान ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुणांची अट होती. उमेदवार अविवाहित पुरुष हवा आणि उंची किमान १५७ सेंटिमीटर हवी. वय साधारण सतरा ते एकवीसच्या दरम्यान. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात. संगणकावरच्या परीक्षेत इंग्रजी, विज्ञान, जीवशास्त्र आणि सामान्यज्ञान यांवर १०० प्रश्न असतात. वेळ एक तासाचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. त्यानंतर शारीरिक चाचणी. त्यात १.६ किलोमीटर अंतर साडेसहा मिनिटांत धावावे लागते, शिवाय उठाबशा आणि जोर. पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलांची दांडी बहुधा इथेच उडते. तेव्हा धावण्याचा सराव परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच सुरू करावा. पुढे वैद्यकीय तपासणी असते. डोळे आणि रंगांची ओळख यात कसूर चालत नाही, म्हणून अर्ज भरण्याआधीच नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतलेले बरे.

निवड झाली की पहिला मुक्काम ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी ‘आयएनएस चिल्का’ येथे. तिथे कवायत, पोहणे आणि नौदलाची शिस्त. नंतर वैद्यकीय शिक्षण ‘अश्विनी’च्या आवारातील मेडिकल असिस्टंट्सच्या शाळेत. शरीररचना, शुश्रूषा, प्रथमोपचार आणि औषधांची माहिती हे सारे तिथे शिकवतात. पुढे अनुभवानंतर शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग अशा शाखांचे खास प्रशिक्षणही मिळू शकते.

प्रशिक्षणाच्या काळात दरमहा १४,६०० रुपये विद्यावेतन आणि नंतर २१,७०० ते ६९,१०० रुपयांची वेतनश्रेणी, असे या जाहिरातींत नमूद होते. त्यावर दरमहा ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता वेगळा. राहणे, जेवण, गणवेश आणि उपचार यांचा भार नौदल उचलते. बढतीची शिडी लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर अशी मास्टर चीफ पेटी ऑफिसरपर्यंत जाते. चांगली कामगिरी करणाऱ्याला परीक्षा देऊन अधिकारी होण्याचीही संधी असते.

इथे पालकांनी एक फरक नीट समजून घ्यावा. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेतला अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. मेडिकल असिस्टंटची २०२४ पासूनची भरती मात्र वेगळ्या जाहिरातीने झाली आणि तिचा सुरुवातीचा करार २० वर्षांचा होता. नौसैनिकाला निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे निवृत्तिवेतन हाती येते. पण याची दुसरी बाजूही आहे. ‘आवडले नाही, राजीनामा देतो’ ही सोय इथे नाही. अठराव्या वर्षी केलेली सही अडतिसाव्या वर्षापर्यंत पाळायची असते. गणपतीला सुट्टी मिळेलच असे नाही, बहिणीच्या लग्नात तो समुद्रावर असू शकतो, आणि घरी कुणी आजारी असताना दुसऱ्यांच्या उशाशी बसण्याची वेळ येऊ शकते. म्हणून केवळ ‘सरकारी नोकरी आहे’ एवढ्या कारणाने मुलाला ढकलू नका. पगाराच्या आकड्याआधी या वीस वर्षांविषयी घरात बोला, आणि मुलाला बोलू द्या.

आणखी एक गैरसमज. मेडिकल असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे. निवृत्तीनंतर गावात पाटी लावून रुग्ण तपासणे कायद्याला धरून होणार नाही. रुग्णालये, कारखान्यांतील प्रथमोपचार केंद्रे, रुग्णवाहिका सेवा अशा ठिकाणी मात्र या अनुभवाला मोल आहे. नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, तर चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसरा डाव मांडणे सोपे जाते.

मुलींनी निराश होऊ नये. या जाहिराती मुलांसाठी होत्या, पण सैन्यदलांच्या नर्सिंग कॉलेजांत बी.एस्सी. नर्सिंगला मुलींनाच प्रवेश मिळतो. त्यांतले एक कॉलेज पुण्याच्या ‘एएफएमसी’त आणि एक ‘अश्विनी’त आहे. प्रवेशासाठी ‘नीट’चे गुण विचारात घेतले जातात, आणि शिक्षणानंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये थेट अधिकारी म्हणून नेमणूक होते.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. भरतीचा अर्ज केवळ नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. ‘वर ओळख आहे, दोन लाखांत काम होईल’ असे सांगणारा माणूस भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते दोन लाख जातात आणि मुलाचे वर्षही जाते. नियम आणि तारखा दर वेळी बदलू शकतात, तेव्हा नवी जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दहावी-बारावीची गुणपत्रके, जन्मतारखेचा पुरावा आणि रहिवासी दाखला आजच एका फाइलीत लावून ठेवा. आणि उद्या पहाटे मुलाला मैदानावर धाडा. साडेसहा मिनिटांचे ते अंतर त्याचे त्यालाच कापायचे आहे.