किटीवेकची घरटी मोजणारे हौशी लोक आणि ब्रिटन-युरोपचा मासळीवरून झालेला वाद

जून उजाडला की ब्रिटनच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी माणसं दुर्बीण आणि वही घेऊन कड्यांसमोर तासन्‌तास बसलेली दिसतात. यातले बरेच जण स्वयंसेवक, म्हणजे पगार वगैरे काही नाही. समोरच्या कड्यावर किटीवेक या समुद्रपक्ष्याची किती घरटी आहेत आणि त्यातून किती पिल्लं उडाली, हे त्यांना मोजायचं असतं. निवांत लोकांचा छंद वाटावा असं काम. पण हा पक्षी आणि त्याचं खाद्य यावरून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात लवादापर्यंत गेलेला वाद झाला, आणि त्यात अशा नोंदींना मोल आलं.

किटीवेकच का?

किटीवेक हा सीगलच्या, म्हणजे कुरवाच्या कुळातला पक्षी. 'किटी-वेक' असं ओरडतो म्हणून हे नाव. हिवाळा अटलांटिक महासागरावर काढतो आणि फक्त विणीसाठी किनाऱ्यावर येतो. उभ्या कड्यावरच्या वीतभर कपारीत चिखल आणि गवताचं घरटं, त्यात बहुतेक वेळा दोन अंडी. न्यूकॅसल शहरात तर त्याने टाईन नदीवरच्या पुलालाच कडा मानलंय. खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर काय पडतं, यावरून तिथे तक्रारीही होतात.

त्याची अडचण खाण्यात आहे. पफिन पक्षी खोल बुडी मारून मासे पकडतो, किटीवेकला ते जमत नाही. पाण्याच्या वरच्या थरात जे मिळेल तेवढंच त्याचं. उत्तर समुद्रात विणीच्या दिवसांत त्याची मुख्य मदार असते सँडईलवर. हा वाळूत घुसून राहणारा, बारीक, लांबुळका मासा. तो कमी झाला की पिल्लं उपाशी राहतात, आणि ते त्याच हंगामात घरट्यात दिसतं.

मोजतात कसं?

दिसेल तो पक्षी मोजून चालत नाही, कारण पक्षी सतत ये-जा करतात. म्हणून अंडी राहतील इतपत बांधलेलं आणि वर पक्षी बसलेला असेल, तेच घरटं धरायचं. पिल्लांचा हिशेब आणखी चिकाटीचा. कड्याच्या ठरावीक भागाचा फोटो काढून त्यावर प्रत्येक घरट्याला क्रमांक देतात. मग पुनःपुन्हा तिथेच येऊन, क्रमांक ४२ मध्ये अंडी आहेत की पिल्लं, पिल्लू केवढं झालंय, हे लिहायचं. पुढच्या खेपेला पिल्लू गायब असेल तर? पूर्ण वाढलेलं होतं तर उडालं, लहान होतं तर मेलं, असं धरतात. शेवटी दर घरट्यामागे किती पिल्लं जगली हा एक आकडा हाती येतो.

हौशी लोकांच्या मोजणीवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. धुकं येतं, नजर चुकते. पण जागा आणि पद्धत वर्षानुवर्षं तीच असेल तर चुकाही साधारण सारख्याच राहतात आणि चढउतार खरा दिसतो. देशभरातली पहिली मोठी मोजणी १९६९-७० मध्ये झाली, १९८६ पासून दरवर्षीचा कार्यक्रम सुरू आहे. एवढा सलग हिशेब केवळ पगारी माणसं ठेवून कुठल्या सरकारने केला असता, ही शंकाच आहे.

२०१५ ते २०२१ दरम्यानच्या चौथ्या मोठ्या मोजणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. साधारण वीस वर्षांत किटीवेकची घरटी ४० टक्क्यांहून अधिक घटली होती. त्यातही यातली बहुतेक मोजणी बर्ड फ्लूची मोठी साथ येण्याआधीची.

मग वाद कशाचा?

सँडईल माणसं फारसं खात नाहीत. त्याची भुकटी आणि तेल करून पशुखाद्य, मत्स्यखाद्य बनतं. हा मासा पकडणाऱ्या बोटी मुख्यतः डेन्मार्कच्या. स्कॉटलंडच्या पूर्वेला १९९० च्या दशकात ही मासेमारी चालू असताना किटीवेकची पिल्लं कमी जगतात असं नोंदींत दिसलं, आणि २००० मध्ये तो पट्टा बंद झाला. २०२४ मध्ये ब्रिटनने इंग्लंडच्या हद्दीतला उत्तर समुद्र आणि स्कॉटलंडचं सगळं पाणी सँडईलच्या मासेमारीला बंद केलं. ब्रेक्झिटनंतरच्या कराराचा हा भंग आहे, म्हणत युरोपीय संघ लवादात गेला.

मे २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला. बंदीला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही, हा युरोपचा आक्षेप टिकला नाही. स्कॉटलंडची बंदी तर पूर्णच योग्य ठरली. इंग्लंडच्या बाबतीत मात्र, युरोपीय बोटींच्या हक्कांवर होणारा परिणाम निर्णय घेताना नीट तोलला गेला नाही, असा ठपका आला. तरी बंदी उठवा, असं लवादाने सांगितलं नाही.

डॅनिश मच्छीमारांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. समुद्र तापतोय, सँडईल ज्या सूक्ष्म जीवांवर जगतो तेही बदलतायत. २००० मध्ये बंद केलेल्या पट्ट्यातही सगळं पूर्ववत झालेलं नाही. घरट्यांची मोजणी पिल्लं किती मेली ते सांगते, त्यात जाळ्याचा दोष किती आणि उष्णतेचा किती, हे एकटी सांगू शकत नाही. आता जाळी थांबली आहेत, त्यामुळे पुढच्या काही हंगामांचे आकडे महत्त्वाचे. ते येणार त्याच फोटोंवरच्या त्याच क्रमांकांवरून.