कान यंत्राचा, जबाबदारी माणसाची

गोळीचा आवाज झाला की पोलिसांना कुणी फोन करायच्या आधीच यंत्र कळवते: अमुक गल्लीत, अमुक घराजवळ, इतक्या गोळ्या झाडल्या गेल्या. अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या पोलिसांनी असे यंत्र घेतले आहे. सिंदेवाहीत बसून त्याची उठाठेव कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण या यंत्राचे भावंड आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचले आहे. तिथे ते गोळी ऐकते, इथे ते वाघ पाहते. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या कामासाठी 'मार्व्हल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची सरकारी कंपनी नागपुरात सुरू केली, आणि वन खात्यासारख्या खात्यांचे कामही तिच्याकडे येऊ लागले आहे. पोलिसांचे यंत्र आणि जंगलाचे यंत्र यांच्यातले अंतर कमी होत आहे. म्हणून हा विषय आपल्या घरातही बोलला जावा.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. वीज चमकली की आपण मनात आकडे मोजतो. ढगांचा गडगडाट तीन सेकंदांनी आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली, कारण आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. आंधळी कोशिंबीर खेळणारे मूल डोळे बांधलेले असतानाही टाळी कुठून आली ते ओळखते, कारण त्याच्या दोन कानांवर आवाज किंचित मागेपुढे पडतो. यंत्राची रीत हीच आहे. घरांच्या छतांवर आणि विजेच्या खांबांवर मायक्रोफोन बसवतात. एकच आवाज तीन-चार मायक्रोफोनवर वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि त्या फरकावरून संगणक जागा काढतो. भूकंपाचे केंद्रही असेच शोधतात. मग एक माणूस ती नोंद ऐकून गोळी की फटाका ते ठरवतो आणि पोलिसांना कळवतो. हे सगळे मिनिटभरात होते.

जागा काढणे हे गणित आहे, ते बऱ्यापैकी जमते. आवाज कशाचा होता हे ओळखणे अवघड. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत लड्या फुटतात, धानात रानडुकरे शिरली की जागलीवरचा शेतकरी सुतळी बॉम्ब फोडतो, ट्रकचे टायर फुटते. जागलीला बसलेल्या माणसाला आवाज ऐकताच कळते की हा अमक्याच्या बांधावरचा फटाका. यंत्राला त्या बांधाची ओळख नसते.

शिकागो शहराचा अनुभव मोलाचा आहे. 'शॉटस्पॉटर' नावाचे हे यंत्र त्या शहराने मोठ्या प्रमाणावर लावले. ऑगस्ट २०२१ मध्ये शहराच्याच महानिरीक्षक कार्यालयाने हिशेब मांडला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात आलेल्या ५०,१७६ इशाऱ्यांपैकी जेमतेम ९.१ टक्के ठिकाणी पोलिसांना बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा मिळाला. कंपनीचे म्हणणे असे की पुरावा सापडला नाही म्हणजे गोळी झाडलीच नाही, असे होत नाही. तेही खरे आहे, कारण गोळी झाडणारा पळून जातो आणि काडतुसाची पुंगळी अंधारात सापडत नाही. पण बाकीच्या हजारो वेळी काय झाले, हा प्रश्न उरतोच. त्या प्रत्येक वेळी सशस्त्र पोलीस कुठल्या तरी मोहल्ल्यात, इथे आत्ताच गोळी चालली आहे असे मनात धरून उतरले. जो माणूस समोर दिसला तो आधी संशयित ठरला. मायक्रोफोन सगळ्या शहरात सारखे लावलेले नव्हते. ते प्रामुख्याने काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांत होते. त्याच शहरात ६५ वर्षांचे एक गृहस्थ जवळपास वर्षभर तुरुंगात राहिले. त्यांच्यावरील खुनाच्या खटल्यात या यंत्राच्या नोंदीवर मोठी भिस्त होती. जुलै २०२१ मध्ये पुरावा अपुरा आहे असे सांगून सरकारी वकिलांनीच खटला मागे घेतला. त्यांचे गेलेले वर्ष कोण परत देणार?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये यंत्र बंद केले तेव्हा ते चालू ठेवा म्हणणारे नगरसेवकही होते. त्यांचे म्हणणे, आमच्या भागात गोळी चालली तरी भीतीपोटी कुणी फोन करत नाही. इशारा आला तर जखमी माणसापर्यंत गाडी लवकर पोहोचते, एखादा जीव वाचतो. ज्याच्या घरचा मुलगा रस्त्यावर रक्तबंबाळ पडला असेल त्याला हे म्हणणे चुकीचे वाटणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. ताडोब्याच्या मोहर्ली भागात सीतारामपेठ नावाचे गाव आहे. २०२३ मध्ये तिथे गावाच्या कडेला कॅमेरे लागले. जंगलाकडून येणारा प्राणी वाघ असेल तर संगणक ते ओळखतो आणि वन कर्मचाऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जातो. 'आभासी भिंत' असे त्याला म्हणतात. अशा इशाऱ्याची किंमत सिंदेवाही तालुक्याला समजावून सांगावी लागत नाही. १० मे २०२५ रोजी तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. ऊन चढायच्या आत पाने तोडून आणायची आणि दिवसभर पुडे बांधायचे, त्यावर शाळा उघडताना मुलांची वह्या-पुस्तके यायची. जंगलात जाऊ नका, हे सांगणे सोपे आहे. न जाऊन चूल कशी पेटणार, हे कुणी सांगत नाही. म्हणून वाघ जवळ आहे असा संदेश वेळेवर येत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

पण दोन्ही यंत्रांत एक मोठा फरक आहे. वाघाचा खोटा इशारा आला तर आपण गुरे आत घेतो, मुलांना अंगणातून बोलावतो, तासभर झोप मोडते. माणसाविषयी खोटा इशारा गेला तर कुणाच्या तरी दारात बंदूक येते. पहिल्या यंत्रात खांबाखालच्या माणसाला संदेश मिळतो. दुसऱ्यात संदेश त्याच्याविषयी दुसऱ्याला मिळतो. आणि एकदा खांब उभा राहिला, कॅमेरा लागला, की पहिल्याचे दुसरे व्हायला वेळ लागत नाही.

हे हवेतले बोलणे नाही. उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्राण्यांच्या अभ्यासासाठी जंगलात कॅमेरे आणि आवाज टिपणारी यंत्रे लावली होती. सरपणासाठी जाणाऱ्या बायकांना त्यांची धास्ती वाटू लागली. प्रातर्विधीला गेलेल्या एका बाईचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि गावातल्या मोबाइलवर फिरला. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. याहून खोल गोष्ट पुढे आहे. जंगलात बायका मोठ्याने बोलतात, गाणी म्हणतात, म्हणजे जनावर लांबूनच वाट बदलते. आपल्याकडच्या मोहफूल वेचणाऱ्या बायकाही एकमेकींना हाका देत राहतात. कॅमेऱ्याच्या धाकाने तिथल्या बायका गप्प झाल्या, आणि गप्प चालणाऱ्या बाईला वाघाचा धोका वाढतो. जंगलाच्या रक्षणासाठी लावलेल्या यंत्राने बायकांचे जुने संरक्षणच काढून घेतले.

आपल्या घरांत सूरह हुजुरातचा तर्जुमा बहुतेकांनी वाचलेला असतो. बातमी आली की आधी तिची तहकीक करा, नाही तर अजाणता कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद त्यात आहे. त्याच सूरेत लोकांच्या खासगी गोष्टी धुंडाळू नका हेही आहे. गावच्या व्हॉट्सअॅप गटातली बातमी पुढे पाठवताना ही ताकीद मोडू नका, असे आपण मुलांना सांगतो. मग खांबावरून येणाऱ्या बातमीला ती का लागू नसावी? यंत्राचा इशारा ही बातमी आहे, साक्ष नव्हे. आणि यंत्राने टिपलेला आवाज, घेतलेले चित्र ही अमानत आहे.

कायद्याचा आधार थोडा आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे. म्हणून विचारायचे काम आपल्यालाच करावे लागेल. गावात असे यंत्र येणार असेल तर ग्रामसभेत, आणि सिंदेवाही-लोनवाहीत नगरपंचायतीत, तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, संदेश कुणाकुणाला जाणार? ज्या बाईला पहाटे तेंदूला जायचे आहे तिच्याकडे साधा फोन असेल तर तिला कळणार कसे, भोंगा वाजणार का? दुसरी, टिपलेले चित्र आणि आवाज किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, आणि माणसाचे चित्र आले तर ते पुसणार का? तिसरी, इशारा आल्यावर कोण येणार आणि किती वेळात? वनरक्षकाची जागा रिकामी आणि खांबावर कॅमेरा, अशी अवस्था असेल तर संदेश येईल, माणूस येणार नाही.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवावीत. हे प्रश्न बायकांनी विचारले तर फार उत्तम. जंगलाची वाट त्यांच्या पायाखालची आहे आणि कॅमेऱ्यासमोरून रोज जाणार आहेत त्याही त्याच. सभेला जाताना शेजारच्या गोंड, माना, बौद्ध, कुणबी घरांतल्या बहिणींनाही सोबत घ्या. वाघ घर विचारून येत नाही, आणि कॅमेराही सगळ्यांनाच टिपतो. तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ही सभा झाली तर बरे.