नळीत थुंकण्याआधी वही काढा

परदेशातल्या मराठी घरांत अलीकडे एक नवी भेटवस्तू फिरू लागली आहे: वंशावळ शोधणारे डीएनए किट. नळीत थुंकायचे, पाकीट पोस्टात टाकायचे आणि काही आठवड्यांनी पडद्यावर रंगीत नकाशा पाहायचा. इतके टक्के दक्षिण आशियाई, इतके टक्के आणखी काही. मग प्रश्न येतो, "आपले मूळ पुरुष कोण, ते यातून कळेल का?" माझे उत्तर असे आहे: नुसत्या डीएनएने जवळजवळ काहीच कळणार नाही. आधी कागद हवा. आणि तो कागद लिहिण्याचे काम आपल्या पिढीचे आहे, कारण परदेशात स्थिरावलेल्या घराण्यांची पहिली पिढी आपणच आहोत.

या छंदाचा उगम बराचसा अमेरिकेतला. तिथे सरहद्दीवरच्या जंगलांत पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या घराण्यांचा माग काढणे हा लाखो लोकांचा आवडता उद्योग आहे. त्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. टेनेसी राज्यातल्या हॅनकॉक काउंटीच्या डोंगराळ भागात मेलंजन म्हणून ओळखली जाणारी काही कुटुंबे आहेत. रंगाने थोडी सावळी, आडनावे मात्र इंग्रजी वळणाची. आम्ही पोर्तुगीज खलाशांचे वंशज, असे घरातले वडीलधारे सांगत; काही घरांत मूळ निवासी पूर्वजांच्या कथा होत्या. २०१२ साली या घराण्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या अनेक शाखा थेट सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत पोचत होत्या, काही युरोपात. आईकडून येणाऱ्या शाखा बहुतेक युरोपीय निघाल्या.

डीएनएने एवढे सांगितले आणि तो थांबला. आफ्रिकी पुरुषांची मुले गुलाम न होता स्वतंत्र शेतकरी कशी झाली? पोर्तुगीज असल्याची कथा कशाला लागली? ही उत्तरे कागदांत होती. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला. म्हणजे आई स्वतंत्र गोरी असेल तर मूलही स्वतंत्र. पुढे टेनेसीच्या १८३४ च्या राज्यघटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, आणि १८४० च्या दशकात यांतल्या काही जणांवर बेकायदा मतदानाचे खटलेही चालले. अशा वेळी आजोबा पोर्तुगीज असणे ही हौस नव्हती, गरज होती. पूर्वज कुठले ते डीएनएने दाखवले. कुटुंबाने ते का लपवले, हे कज्जेदलालीच्या कागदांनी.

मी सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसमध्ये काम करते. इथे औषधनिर्मितीचे मोठमोठे कारखाने आहेत आणि त्या सगळ्यांत एकच शिस्त चालते: जे लिहिले नाही, ते झालेच नाही. औषधाच्या घाण्याची प्रयोगशाळेतली चाचणी उत्तम आली, पण कच्चा माल कुठून आला आणि कोणत्या टाकीतून गेला याची नोंद नसेल, तर तो माल गेटाबाहेर जात नाही. वस्तू काय आहे हे चाचणी सांगते, ती कुठून कशी आली हे नोंदवही सांगते. वंशावळीचे गणितही असेच आहे.

हे गणित करून पाहू. सहा पिढ्या मागे गेलो की प्रत्येकाचे ६४ पूर्वज होतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाचीच गोष्ट सांगते: बापाचा बाप, त्याचा बाप. मायटोकाँड्रियाचा डीएनए आणखी एकीची: आईची आई, तिची आई. उरलेल्या ६२ जणांसाठी बाकीच्या गुणसूत्रांकडे वळावे लागते, आणि तिथे त्या पिढीतल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी दीड टक्क्याच्या आसपास असतो. हा वाटा दर पिढीत नव्याने पिसला जातो, त्यामुळे नातलगांत समान तुकडे सापडण्याची शक्यता भराभर घटते. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा दहा जोड्यांपैकी साधारण नऊ चाचणीत जुळतात. आणखी एक पिढी वर गेलो की निम्म्याच. त्याच्याही वर दोन पिढ्या गेलो, तर बहुतेक जोड्यांत काहीच सापडत नाही. नाते खरे असते, पण तुकडा उरलेला नसतो.

आपल्याकडे दोन अडचणी वाढीव. पहिली, या कंपन्यांच्या साठ्यात बहुसंख्य नमुने युरोपीय वंशाच्या अमेरिकनांचे आहेत. टेनेसीतल्या माणसाला हजारो जुळणारे नातलग मिळतात. राजापूर तालुक्यातल्या माणसाला मोजकेच, कारण त्याच्या भावकीतल्या कोणी नळीत थुंकलेलेच नाही. दुसरी, शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने झाल्याने आपल्या समाजांत अनेकांचे तुकडे अनेकांशी जुळतात. अमेरिकन नमुन्यांवर बेतलेला हिशेब अशा वेळी दूरच्या जातभाईलाही जवळचा चुलतभाऊ ठरवू शकतो.

याचे मराठी उदाहरण मॉरिशसचे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. बहुतेक कोलकाता आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत कोकणातले नि घाटावरचे मराठी स्त्री-पुरुष होते. आज त्यांच्या वंशजांपैकी कोणाला मूळ गाव शोधायचे असेल, तर डीएनए 'पश्चिम भारत' इथवर आणून सोडेल. त्याच्या खापरपणजोबांचे भाऊबंद कोकणात असले, तरी त्यांच्याशी जुळणारा तुकडा मिळेल याची खात्री नाही.

पण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दप्तरे आहेत. प्रत्येकाला क्रमांक, आणि त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरांना फोटो असलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे झाले, म्हणून कित्येकांचे चेहरेही टिकले आहेत. ही नोंद प्रेमापोटी झालेली नव्हती. माणूस मळ्यातून पळून गेला तर सापडावा, यासाठी होती. तरीही तिचे एक वैशिष्ट्य विसरण्यासारखे नाही. तीत बायकांना स्वतंत्र क्रमांक आहे, स्वतःच्या नावाने.

आता आपली कुलवृत्तांतांची परंपरा तिच्याशेजारी ठेवून पाहा. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी मेहनतीने कुलवृत्तांत छापले, त्याबद्दल आदर आहेच. पण त्या झाडांवर फांद्या पुरुषांच्या. मुलगी लग्न होऊन गेली की फांदी तुटते, आणि सून आली की तिचे माहेर एका ओळीत, तेही असेल तर. त्यात लग्नात नाव बदलण्याची रीत: आडनाव, मधले नाव आणि अनेकदा पहिले नावही. पणजीचे माहेरचे नाव बँकेने गुप्त प्रश्न म्हणून विचारले, तर आपल्यातले किती जण खाते उघडू शकतील? आणि ज्या जातींकडे छापखान्याचा खर्च करण्याची ऐपत नव्हती, त्यांचे कुलवृत्तांत निघालेच नाहीत. मळ्यावर राबायला गेलेल्या बाईचे नाव, तिच्या बापाचे नाव आणि गाव एखाद्या सुखवस्तू घरातल्या पणजीपेक्षा नीट नोंदलेले असावे, हे मला अस्वस्थ करते.

त्या दप्तरांतही एक गाठ आहे, आणि ती सोडवायला आपण उपयोगी पडू शकतो. गावांची नावे परक्या कारकुनांनी कानाने ऐकून रोमन लिपीत उतरवली. शिवाय तिथे 'रत्नागिरी' लिहिले असेल तर त्यात आजचा सिंधुदुर्गाचा मोठा भागही आला, कारण हा जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. वाकडेतिकडे लिहिलेले नाव कणकवलीजवळच्या कोणत्या वाडीचे, हे मोकाच्या अभ्यासकापेक्षा मालवणकडचा माणूस लवकर ओळखेल. हे ज्ञान कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

डीएनए निरुपयोगी आहे, असे मात्र मुळीच म्हणायचे नाही. समाजाच्या पातळीवर तो मोठे प्रश्न सोडवतो. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि वाचलेल्यांपासून आपण झालो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्रायली समाजाच्या १८ जणांचे नमुने तपासले गेले. त्यांच्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा ठळक दिसला, आणि मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे असावे असा अंदाज निघाला. ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आणि भारतीय वारसा प्रामुख्याने स्त्रियांकडून आला, असेही दिसले. परंपरेचा गाभा खरा ठरला. तरीही एखाद्या किहीमकर किंवा दिवेकर कुटुंबाला आपले गाव सांगते ते त्यांचे आडनाव. तोही एक कागदच.

किटबद्दल एक सावधगिरीची सूचना. २०२३ साली ट्वेंटीथ्रीअँडमी या मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमचा डीएनए तुमच्या एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात एक जुना खुनी पकडला गेला, तो त्याच्या दूरच्या नातलगांनी आपले डीएनए वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवल्यामुळे. या वेळी परिणाम चांगला झाला. पण पुण्यातल्या मावसभावाला न विचारता आपण त्याचीही माहिती देऊन टाकतो, हे थुंकताना लक्षात असावे.

म्हणून क्रम असा असावा. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसासमोर वही घेऊन बसा. प्रत्येक पूर्वजाबरोबर चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका, बायकांचे माहेरचे नाव-आडनाव, आणि हे कोणी सांगितले. घरात जुना सातबारा, फेरफार, शाळेचा दाखला असेल तर त्याचा फोटो काढा. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकात तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये असतील, तर त्यांच्या नामावळीत पाहा. तिथे आलेल्या यजमानांची हस्ताक्षरेही सापडतात. कागद दोन जागी ठेवा, आणि एक प्रत इथे वाढणाऱ्या मुलांना वाचता येईल अशा लिपीत. एवढे झाल्यावर एखादा नेमका प्रश्न उरला, उदाहरणार्थ हे दोन समान आडनावांचे भाऊबंद खरेच एका पुरुषाचे का, तर वाय गुणसूत्राची चाचणी जरूर करा. त्या प्रश्नाचे उत्तर ती चांगले देते.