आगगाडीचा खेळ आणि आपली वार्षिक सभा

गौरी-गणपतीला मुलीचा मुलगा पुण्याहून आला. कॉलेजात शिकतो. येताना एक जाड पेटी घेऊन आला. आत षटकोनी तुकडे, कागदी नोटा, रंगीत सर्टिफिकिटं आणि एक नकाशा. ‘‘आबा, रेल्वे बांधायचा खेळ आहे,’’ म्हणाला. मला वाटलं, पोरांची झुकझुक गाडी असेल. दुपारी जेवणं उरकून ओसरीवर बसलो ते दिवेलागणीला उठलो, आणि उठलो तेव्हा चार माणसांत माझं पुरतं हसं झालेलं होतं. तीस वर्षं गटसचिव म्हणून दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि नातवाने एका दुपारात मला नागवलं. ते सांगतो, कारण त्याचा संबंध या महिन्यात होणाऱ्या आपल्या संस्थांच्या सभांशी आहे.

खेळाचं नाव ‘१८३०’. फ्रान्सिस ट्रेशम नावाच्या इंग्रज माणसाने १९७४ साली इंग्लंडच्या रेल्वेवर ‘१८२९’ हा खेळ काढला. त्याच धर्तीवर अमेरिकेच्या ईशान्य भागाचा नकाशा घेऊन त्याने ‘१८३०’ केला, तो १९८६ साली अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने बाजारात आणला. यात फासे नाहीत, पत्त्यांची नशिबाची ओढाताण नाही. आठ रेल्वे कंपन्या आहेत, प्रत्येकीचे दहा शेअर. ज्याच्याकडे जास्त शेअर तो त्या कंपनीचा चेअरमन. आधी शेअर घ्यायचे-विकायचे, मग चेअरमनने रूळ टाकायचे, गाड्या घ्यायच्या, उत्पन्न काढायचं. उत्पन्न लाभांश म्हणून वाटायचं की तिजोरीत ठेवायचं हेही तोच ठरवणार. वाटलं तर शेअरचा भाव चढतो, ठेवलं तर उतरतो. आता यातली मेख ऐका. शेवटी जिंकतो तो चांगली रेल्वे बांधणारा नव्हे. ज्याच्या स्वतःच्या खिशात रोख आणि शेअर मिळून जास्त पैसा, तो जिंकला. रेल्वे राहिली काय, बुडाली काय.

आम्ही चौघे होतो. नातू, मी, शेजारचे नाना आणि गणपतीच्या आरतीला आले म्हणून धरून बसवलेले आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब. नातवाने एरी नावाची कंपनी काढली. शेअर ८२ डॉलरचा. सहा शेअर खपले की दहा शेअरची सगळी रक्कम, म्हणजे ८२० डॉलर, कंपनीच्या तिजोरीत येते. त्याने पाच शेअर ठेवले, मी तीन घेतले, भाऊसाहेबांनी दोन. कंपनी दर फेरीला लाभांश वाटत होती. माझ्या तीन शेअरवर अठरा-एकवीस डॉलर यायचे. मी खूश. नातू कर्तबगार निघाला, म्हटलं.

आता तिजोरीचा हिशेब बघा. दोन साध्या गाड्या घेतल्या, १६०. एक बरी गाडी घेतली, १८०. नदीवरचा पूल आणि एक स्टेशन मिळून १२०. इथपर्यंत काही वावगं नाही. पण मधेच त्याने आपल्या मालकीची एक छोटी खाजगी कंपनी एरीला विकली. तिची मूळ किंमत १६०, एरीने दिले ३२०. नियमात बसतं, दुप्पट भावापर्यंत घेता येते. घेणारा चेअरमन तोच, विकणारा मालकही तोच. मी समोर बसलो होतो, पाहत होतो, आणि लाभांशाचे एकवीस डॉलर मोजत होतो. तिजोरीत उरले ४०.

मग त्याच्याच दुसऱ्या एका कंपनीने एरीची ती १८० डॉलरची बरी गाडी विकत घेतली. किती रुपयांना? एक डॉलरला. दोन कंपन्यांनी आपसात ठरवला तो भाव, असा नियम आहे, आणि दोन्हीकडे तोच ठरवणार. नाना म्हणाले, ‘‘आरं, हे तर आपल्याकडच्यासारखंच झालं की!’’ सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या शेअर फेरीत नातवाने आपले तीन शेअर विकून टाकले. राहिले त्याच्याकडे दोन. माझ्याकडे तीन. नातू उठून माझ्यासमोर चेअरमनचं सर्टिफिकीट ठेवून म्हणाला, ‘‘अभिनंदन आबा, आता तुम्ही चेअरमन.’’ खोटं कशाला सांगू, क्षणभर बरंही वाटलं. भाऊसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात त्याच्या दुसऱ्या कंपनीने बाजारातली नव्या प्रकारची पहिली गाडी घेतली. ती आली की सगळ्यात जुन्या गाड्या एकदम भंगारात जातात. एरीकडे त्याच दोन होत्या. गाडीशिवाय कंपनी ठेवता येत नाही, नवी घ्यावीच लागते, ३०० डॉलरची. तिजोरीत किती? उरलेले ४०, विकलेल्या गाडीचा १ आणि त्या खाजगी कंपनीच्या उत्पन्नाचे दोनदा आलेले २५, म्हणजे एकूण ९१. बाकीचे २०९ कुणी द्यायचे? चेअरमनने, स्वतःच्या खिशातून. माझ्याकडे रोख नव्हती. नानांच्या कंपनीतले माझे चांगले शेअर पडत्या भावात विकले आणि पैसे भरले. तिथून मी उठलो नाही.

शेतकरी बंधूंनो, एका गोष्टीकडे लक्ष द्या. यात चोरी कुठेही झाली नाही. प्रत्येक व्यवहार उघड, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, नियमाप्रमाणे. ऑडिटरला बोलावलं असतं तर त्याने सही केली असती.

हे सगळं त्या ट्रेशमने मनाने रचलं असं नाही. एरी नावाची रेल्वे खरोखर होती. न्यूयॉर्ककडून एरी सरोवरापर्यंत ती १८५१ साली पोचली. १८६८ साली तिच्यावर ताबा कुणाचा यावरून कॉर्नेलियस व्हॅंडरबिल्ट एका बाजूला आणि डॅनियल ड्रू, जे गूल्ड, जिम फिस्क दुसऱ्या बाजूला, असं मोठं रण पेटलं. व्हॅंडरबिल्ट शेअर घेत सुटला, तर आतल्या तिघांनी नवे शेअर छापून त्याच्याच गळ्यात घालायला सुरुवात केली. पकडायची वेळ आली तेव्हा रोकड घेऊन हडसन नदी ओलांडून शेजारच्या राज्यात जाऊन बसले. यातला ड्रू हा मूळचा गुरांचा व्यापारी. त्याच्याबद्दल सांगतात की बाजाराला नेताना तो गुरांना मीठ चारायचा आणि वजन करण्याआधी पोटभर पाणी पाजायचा. भांडवल फुगवून शेअर विकायला इंग्रजीत ‘पाणी पाजलेले शेअर’ म्हणतात, ते याच गोष्टीवरून, असं सांगणारे सांगतात. गोष्ट खरी की रचलेली ते जाऊ द्या. आपल्या बाजारात बैल घेताना दात बघणारा माणूस शेअर घेताना काही बघत नाही, एवढं मात्र मी माझ्यावरून सांगतो.

त्या रेल्वे कंपन्यांचा चटका तिथल्या शेतकऱ्यालाही बसला. धान्य न्यायला दुसरा रस्ता नाही, म्हणून लांबच्या शहराला कमी आणि जवळच्या खेड्याला जास्त भाडं, असले प्रकार चालत. १८६७ साली तिथे ग्रेंज नावाची शेतकऱ्यांची संघटना निघाली. तिच्या जोरावर इलिनॉय वगैरे राज्यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत भाड्यावर आणि धान्याच्या कोठारांच्या दरावर मर्यादा घालणारे कायदे केले. कोठारवाले कोर्टात गेले, पण १८७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला. पुढे १८८७ साली केंद्राचा कायदा आला. हे काम शेतकऱ्यांनी एका सभेत नाही केलं, वीस वर्षं लागली. 

आपल्याकडचं चित्र त्याहून निराळं. १८४९ साली जी. आय. पी. रेल्वेशी करार झाला, त्यात इंग्लंडच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी होती. रेल्वेला तोटा झाला तरी व्याज मिळणार, आणि ते हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे शेतसारा भरणारा आमचा पणजोबा न विचारता जामीनदार. आमची बार्शी लाईट घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली सुरू केली. कंपनी लंडनची. १९५४ साली सरकारने ती घेतली. माझ्या पिढीने त्या गाडीतून प्रवास केलाय, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढलोय. माल आमचा, घाम आमचा, पण तिच्या वार्षिक सभेला बार्शीचा शेतकरी कधी गेला असेल असं मला वाटत नाही.

सहकार आला तो हे बदलायला. इथे शेअर कितीही असोत, माणशी एक मत. त्यामुळे माझ्या नातवाने केलं ते जसंच्या तसं सहकारी संस्थेत होत नाही. नुसता शेअर विकून कुणी चेअरमनपद तुमच्या पदरात टाकू शकत नाही. पण दुसरी बाजू अशी की तुम्हालाही शेअर विकून बाहेर पडायला बाजार नाही. संस्था बुडाली तर बसल्या जागी बुडायचं. आणि आपलीच वस्तू दुप्पट भावात संस्थेला विकणं, संस्थेची चांगली वस्तू एका रुपयाला भावकीत देणं, या दोन गोष्टींना माणशी एक मत आडवं येत नाही. ते मत वापरलं तर येतं.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला नको वाटते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागात एक सूतगिरणी निघणार होती. नाव घेत नाही, आता घेऊन उपयोगही नाही. शेअर हजार रुपयांचा. गावातल्या एकशे अकरा माणसांच्या पावत्या मी माझ्या हाताने फाडल्या. ‘‘सचिवसाहेब सांगतायत’’ म्हणून बायांनी डोरल्याचे मणी मोडून पैसे दिले. जागा घेतली गेली, ती चालू भावाच्या कितीतरी वर, आणि जागा कुणाची होती ते गावाला माहीत होतं. मलाही होतं. सभेत ताळेबंद वाचून झाला, मागून ‘मंजूर, मंजूर’ झालं, आणि त्या आवाजात माझाही आवाज होता. मशिनरीचे खोके आले, काही वर्षं पत्र्याखाली गंजले, मग लिलावात गेले. कापसाची एक पेळू त्या गिरणीत शिरली नाही. आजही एक म्हातारी रस्त्यात भेटली की विचारते, ‘‘अण्णा, त्या शेराचं काय झालं वं?’’ मी दुसऱ्या बाजूने जातो.

नातवाच्या खेळाने मला राग आला तो हरण्याचा नव्हता. तो दुप्पट भावाचा व्यवहार मी समोर बसून पाहिला आणि लाभांश मोजत गप्प राहिलो, दुसऱ्यांदा. याचा राग आला.

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, असला लबाडी शिकवणारा खेळ पोरांच्या हाती देऊच नये. मला ते पटत नाही. लबाडी करणाऱ्याला खेळाची शिकवणी लागत नाही, ती लागते बळी पडणाऱ्याला. पेटीतलं सगळं इंग्रजीत आहे आणि एक डाव संपायला पाच-सहा तास लागतात, ही खरी अडचण. पण हायस्कूलच्या पोरांनी बसून एक नकाशा आपल्या तालुक्याचा आखला, कंपन्यांच्या जागी गिरणी, दूध संघ, कारखाना घातला, तर कागदावरही जमेल. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी असलं काही करायला हरकत नाही; कॅरमवर खर्च होतोच.

आणि मोठ्या माणसांसाठी कायदा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्यातलं कलम ३२ फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्थेचा कोणताही सभासद कार्यालयाच्या वेळेत जाऊन, एक पैसा न देता, ऑडिट झालेला शेवटचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, पोटनियम, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त पाहू शकतो. नक्कल हवी तर लेखी अर्ज आणि ठरलेली फी. फी भरल्यापासून एक महिन्याच्या आत ती द्यावी लागते. मी तीस वर्षं त्या खुर्चीवर होतो. या कलमाखाली कपाट उघडायला लावणारे सभासद मला किती भेटले म्हणता? दोन. त्यातला एक भावाशी भांडण होतं म्हणून आला होता. सचिव मंडळींनीही हे वाचून नाराज होऊ नये. सभासदाने इतिवृत्त मागितलं की चेअरमनवर अविश्वास दाखवला, असं आपण धरतो, ते आधी सोडलं पाहिजे. सभासदांनीही सभेत आरडाओरडा करण्यापेक्षा आठवडाभर आधी जाऊन वही बघावी. वस्तू कुणाकडून घेतली, काय भावाने घेतली, आणि विकलेली वस्तू कुणाकडे गेली, एवढं टिपून आणलं तरी सभेचा नूर बदलतो. लाभांश किती जाहीर झाला यावर फार जीव टाकू नये. एरीनेही दर फेरीला दिला होता.

नातू परवा परत गेला. पेटी मात्र ठेवून गेला, भाऊसाहेबांनी मागून घेतली. काल संध्याकाळी नाना आले, हातात आमच्या सोसायटीचा यंदाचा छापील अहवाल. येऊन बसले, चष्मा लावला, पान सात उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे ‘किरकोळ व इतर खर्च’ म्हणजे काय असतंय? गेल्या सालापेक्षा तिप्पट दिसतंय.’’ मी म्हटलं, मला ठाऊक नाही, उद्या अकराला ऑफिस उघडतं. दोघंही जाणार आहोत.